टक्कर न देणारा डंपर

डंपर, लोक अजून तुला ओलांडूनच घरात येतात. दारात तू जिथे आडवा पडलेला असायचास तिथे आता नुसती फरशी आहे, तरी ब्लाउज शिवायला टाकायला आलेली बाई त्या जागी आली की आपोआप पाय उचलते. काल शेजारची बिसाहिनसुद्धा तशीच आली. मग स्वतःच्याच पायाकडे बघून हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, "बैस." तर म्हणाली, "दीदी, आदत है ना. जाते जाते जाएगी."

तू जाऊन आठवडाच होतो आहे. आज शिलाई मशीनवर झाकण टाकून लिहायला बसले. तुझ्याशी बोलायची सवय मला रोजचीच. मशीन चालवता चालवता, तुझ्याकडे न बघता, सगळं सांगत सुटायचे. कुठल्या बाईनं माप चुकीचं दिलं, लेकीचा, पल्लवीचा, फोन आला की नाही, गुडघा किती दुखतो. तू कान हलवायचास. लिहिताना एवढीच अडचण आहे की समोर कान हलत नाही, त्यामुळे ऐकतो आहेस की झोपलास हे कळत नाही.

तू या घरात आलास तो भांडणासाठी, हे तुला कुणी कधी सांगितलंच नाही.

पल्लवीचे बाबा रायपूरजवळच्या उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते. आमच्या भिंतीला भिंत लागून संतरामचं घर, आणि तोही त्याच मिलमध्ये. आम्ही भंडाऱ्याकडून पोटासाठी बीरगांवात आलेलो, तो इथल्याच राऊत गवळ्यांपैकी, पण दोघांची जोडी अशी की कितीतरी वर्षं एकाच मोटरसायकलवर ड्युटीला गेले. हे पुढे, संतराम मागे, दोघांचेही डबे संतरामच्या मांडीवर. मग मिलमध्ये ह्यांना सुपरवायझर केलं आणि संतरामला नाही केलं. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर, सगळ्यांदेखत, संतराम बोलून गेला, "काम से नहीं, मक्खन से बना है." त्या दिवसापासून मोटरसायकली दोन झाल्या. आम्ही बायकांनी मात्र भिंतीवरून भाजीच्या वाट्या देणंघेणं बंद केलं नाही. संतरामची बायको बिसाहिन म्हणायची, "इनका झगड़ा इनके पास रहने दो, दीदी."

संतरामकडे तुफान होता. काळ्या तोंडाचा, वळलेल्या शिंगांचा मेंढा. दिवाळीनंतर मातरच्या दिवशी राऊत मंडळी रंगीत कपडे घालून, बाजा वाजवत तलावाजवळच्या मैदानात नाचतात, आणि तिथेच एका कोपऱ्यात मेंढ्यांच्या टकरी लागायच्या. तुफान दरवर्षी जिंकायचा. जिंकला की संतराम त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालून सगळ्या पाऱ्यातून, गल्लीगल्लीतून मिरवायचा, आणि आमच्या फाटकासमोर आला की बाजेवाल्यांना जरा जास्तच वेळ थांबवायचा. हे आत बसून टीव्हीचा आवाज वाढवायचे.

एका हिवाळ्यात कच्छकडचे मेंढपाळ उंट आणि मेंढरं घेऊन गावाबाहेरच्या कापणी झालेल्या शेतात उतरले होते. हे ड्युटीवरून येताना तिथे थांबले आणि घरी आले तेव्हा मोटरसायकलच्या टाकीवर तू होतास. अंगाभोवती ह्यांचं स्वेटर गुंडाळलेलं, त्यातून फक्त नाक बाहेर.

"याचा बाप दगड फोडत होता," हे म्हणाले.

"कोणं सांगितलं?"

"मेंढपाळानं."

"अन् तुम्ही मानलं?"

"तू याचं कपाळ तं पाह्य! डंपर नाव ठेवून राहिलो मी याचं."

पल्लवी तेव्हा कॉलेजात होती. आमची पोट्टी मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. ती म्हणाली, "पापा, ये तो रुई का गोला है. डंपर कहाँ से हो गया?" हे म्हणाले, "मोठा होऊ दे, मंग पाह्य." तू तेवढ्यात स्वेटरचा एक धागा तोंडात धरून चोखायला लागला होतास. ते स्वेटर मी हातानं विणलं होतं. त्याची बाही पुढे उसवतच गेली.

मोठा झालास मात्र खरा. डंपर हे नाव शोभावं असा झालास. भिजवलेले चणे, दूध, सरसोच्या तेलाची मालिश, काय काय नाही केलं ह्यांनी. तू मालिशीच्या वेळी डोळे मिटून उभा राहायचास, आणि ह्यांचा हात थांबला की एक डोळा उघडून बघायचास. एकदा मी म्हटलं, "मले कधी दूध-बदाम विचारले का तुम्ही?" हे म्हणाले, "तुले का टक्कर द्यायची हाय?" मी म्हटलं, "रोज तं देऊन राहिली तुमच्यासंगं!" तिकडून, भिंतीपलीकडून, बिसाहिनच्या हसण्याचा आवाज आला.

मग ते टायर आलं. ट्रकचं जुनं टायर ह्यांनी अंगणातल्या कडुनिंबाला दोरीनं टांगलं. तू रोज सकाळी त्याला टक्कर द्यायचीस, मान तयार करायचीस, असा बेत होता. तू टायर हुंगलंस, त्याला कान घासलास, त्याच्यात डोकं घातलंस आणि तसाच, डोकं टायरमध्ये ठेवून, उभ्या उभ्या झोपलास. ह्यांनी पुढून हाक मारली, मागून ढकललं, चणे दाखवले. शेवटी त्यांना वाटलं, याला कुणी करून दाखवलंच नाही तर याला कळणार कसं? माझ्या डोळ्यांसमोर हा माणूस, मिलचा सुपरवायझर, लुंगी खोचून चार पायांवर झाला, मागे सरकला आणि धावत जाऊन टायरला डोकं मारलं. टायर मागे गेलं आणि परत आलं. परत आलेलं ह्यांना दिसलं नाही.

हे अंगणात उताणे पडले. कपाळाला हे एवढं टेंगूळ. तू जवळ गेलास आणि ह्यांच्या कपाळावरचा घाम चाटायला लागलास. भिंतीवर बिसाहिनचं डोकं होतं, तोंडात पदर कोंबलेला. पल्लवी आतून बर्फ घेऊन आली तेव्हा तिला हसण्यामुळे चालता येईना. आणि हे पडल्या पडल्या तुला म्हणाले, "समजलं का आता? असं करायचं." डंपर, आजही ते आठवलं की मला मशीन थांबवावी लागते, टाके वाकडे जातात.

मातरचा दिवस मला अजून लख्ख दिसतो.

मैदान भरलं होतं. जिलेबीची दुकानं, फुगेवाले, वाजंत्र्यांचा गडवा बाजा. तुझ्या शिंगांना ह्यांनी तेल लावलं होतं, गळ्यात माळ. तू तुफानपेक्षा हातभर मोठा दिसत होतास. लोक म्हणत होते, आज तुफानचं काही खरं नाही. ह्यांची छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं मीच शिवली असल्यानं मला काळजी वाटली. समोर संतराम तुफानची दोरी धरून उभा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, पण दोघांनी एकाच वेळी दोरी सोडली.

तुफान दहा पावलं मागे गेला, मान खाली घातली आणि सुटला. त्याच्या खुरांची माती उडत होती. तू उभा होतास. माझा हात तोंडावर गेला. तो अगदी जवळ आला आणि तू, आपल्या गल्लीत समोरून सायकल आली की आपण सरकतो ना, तसा बाजूला सरकलास. वाट दिलीस. तुफान तुझ्या बाजूनं सुसाट निघून गेला तो थेट मैदानाच्या कडेच्या दोरीखालून जिलेबीवाल्याच्या बाकड्यावर. बाकडं पडलं, जिलेब्या पडल्या, पोरं धावली.

लोकांना वाटलं, काहीतरी डाव असेल. पुन्हा दोघांना समोरासमोर आणलं. तुफान धाव घेण्यासाठी मागे सरकायला लागला. आणि तू त्याच्या मागे मागे, आपलं त्याच्या तोंडाशी तोंड नेत, चालत निघालास. तो एक पाऊल मागे, तू एक पाऊल पुढे. त्याला धावायला जागाच मिळेना. तो आणखी मागे, तू आणखी पुढे. पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जावं तसा तू त्याला घेऊन सगळ्या मैदानाला फेरी मारलीस. बाजेवाल्यांनी ते बघितलं आणि त्या चालीवर वाजवायला सुरुवात केली. लोक पोट धरून हसत होते. फेरी पूर्ण झाल्यावर तुफान बिचारा थकून थांबला, तेव्हा तू हनुवटी त्याच्या मानेवर टेकवलीस आणि त्याच्या गळ्यातली झेंडूची माळ खायला लागलास.

संतराम ह्यांच्याकडे बघून ओरडला, "भास्कर! तोर डंपर म इंजनेच नइ हे!"

सगळं मैदान हसलं. मीही हसले, खरं सांगते. ह्यांनी तुझी दोरी धरली आणि मागे वळून न बघता चालायला लागले.

घरी आल्यावर ह्यांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आणला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "शनवारच्या बाजारात नेऊन टाकतो याले."

"कापायले?"

हे भात कालवत राहिले.

पल्लवी ताटावरून उठली. "पापा, उसने किसी का बिगाड़ा क्या है?"

"लोकं हसून राहिले माह्यावर. गेटवर, मशीनवर, सगळीकडं. 'इंजन आलं का?' म्हणून विचारतात."

"तो हँसे ना! रोए तो नहीं!"

"तुले नाही समजत, बेटा."

"आपको समझ में आता है तो बताओ. उसको क्यों मरना चाहिए?"

हे हात धुवायला उठले. हा माणूस एकदा बोलला की मागे फिरत नाही, हे मला ठाऊक होतं. मी सकाळी उठून तुला आंघोळ घातली. उरल्याची काळी धूळ तुझ्या लोकरीत अशी बसायची की तू मुळात पांढरा आहेस हे आम्हीच विसरायचो. कपड्याच्या साबणानं घासलं तुला. तू अंग झटकलंस आणि मला नखशिखांत भिजवलंस. मला रडायचं होतं, पण कानात साबण गेलेला मेंढा ज्या तोंडानं बघतो ते तोंड समोर असताना कुणाला रडता येईल?

शनिवारच्या आदल्या दिवशी दुपारी बिसाहिननं भिंतीवरून हाक मारली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. जिलेबीवाल्याच्या बाकड्यावर आपटल्यापासून तुफानच्या शिंगाच्या मुळाशी जखम होती. डॉक्टर येऊन मलमपट्टी करून गेला होता, इंजेक्शन झालं होतं, पण तुफान खात नव्हता. मातरपासून त्यानं चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं.

"दीदी, वो दिन भर तुम्हारी दीवार की तरफ मुँह करके खड़ा रहता है," ती म्हणाली. "डंपर उधर से आवाज देता है तो कान उठाता है. थोड़ी देर भेज दो ना उसको. मैं इनसे पूछ के नहीं बोल रही हूँ."

हे नुकतेच ड्युटीवरून आले होते. मी सांगितलं. हे म्हणाले, "मी त्याच्या दारात नाही जाणार."

"तुम्ही नका जाऊ. डंपर जाईल."

तुझी दोरी सोडून मी निघाले. फाटकाबाहेर चार पावलं गेले असेन, मागून चपलांचा आवाज. ह्यांनी माझ्या हातातून दोरी घेतली. "तुले नाही आवरत तो. वढून नेईल नालीत." तू आयुष्यात कुणाला ओढलं नव्हतंस, डंपर, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

संतराम अंगणात खाटेवर बसला होता, पुढ्यात बाभळीच्या पाल्याची टोपली. ह्यांना बघून उभा राहिला आणि मग काय करावं ते न कळून पुन्हा बसला. ह्यांनी दोरी सोडली. तू सरळ तुफानजवळ गेलास, त्याच्या मानेला नाक लावलंस, मग टोपलीकडे वळलास आणि परक्याच्या घरी आहोत याचा कसलाही संकोच न करता कुरुमकुरुम खायला लागलास. एवढा आवाज करत खायचास तू! तुफान बघत राहिला. मग एक पाऊल पुढे आला. मग त्यानं टोपलीत तोंड घातलं.

बिसाहिननं माझा हात घट्ट धरला. दोन मेंढ्यांच्या चावण्याचा आवाज, बस.

टोपली निम्मी झाली तेव्हा संतराम म्हणाला, "भेड़ अकेला नहीं रहता, भैया. झुंड का जानवर है. मैंने ही इतने साल इसको अकेला बाँध के रखा. लड़ेगा करके."

हे खाटेच्या कडेवर बसले. जखमेकडे बघून म्हणाले, "हळद लावली का?"

"हव."

"पट्टी ढिली आहे."

"तो कस दे ना."

ह्यांनी पट्टी बांधली. संतरामनं शिंग धरलं. मग संतरामनं विचारलं, "चाय पीबे?" आणि हे म्हणाले, "घेऊ." माझ्या आणि बिसाहिनच्या हातापायांत काय जोर आला त्या क्षणी! आम्ही दोघी एकदम स्वयंपाकघरात धावलो आणि दारात एकमेकींवर आदळलो. त्या दिवशी झालेली खरी टक्कर तेवढीच.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ह्यांनी सकाळी अंगणात येऊन तुझ्या पुढ्यात चणे टाकले आणि ड्युटीवर गेले. बाजाराचं नाव पुन्हा या घरात निघालं नाही. पुढच्या आठवड्यात दोघांनी मिळून मधल्या भिंतीच्या विटा काढल्या, तुम्हा दोघांना जाण्यायेण्यापुरत्या. तिथून पुढे आम्हीही जायला यायला लागलो आणि त्या वाटेचं रुंद भगदाड झालं ते आजतागायत. टपरीवर बोललेला शब्द संतरामनं परत घेतला नाही. ह्यांनी मागितला नाही. मला वाटायचं, एकदा बोलून मोकळे का होत नाहीत? पण मोटरसायकल पुन्हा एक झाली होती, आणि मागे बसलेला माणूस पुढच्याच्या कानात दिवसभराचं सांगत जायचा. तो आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा.

तुझी कीर्ती मात्र अशी पसरली की विचारू नकोस. लांबून लांबून लोक आपला मेंढा घेऊन यायचे. "सुना है ये लड़ता नहीं. हमारे वाले के सामने लड़ेगा." मी म्हणायचे, करा प्रयत्न. तू त्यांच्या मेंढ्याला भेटायचास, हुंगायचास, आणि तो मागे सरकला की त्याच्या मागे मागे चालायला लागायचास. अर्ध्या तासानं दोघं कडुनिंबाखाली बसलेले असायचे आणि मालक माझ्याकडे चहा पीत असायचा. एक जण जाताना वैतागून म्हणाला, "बिगाड़ दिया आपने हमारे शेर को." त्यानंतर मी दूध जास्त घ्यायला लागले.

ह्यांचं आणि माझं एक भांडण मात्र तुझ्यावरून शेवटपर्यंत चाललं. हे म्हणायचे, तू भित्रा आहेस. प्रेमानं म्हणायचे, पण म्हणायचे. मी म्हणायचे, भीती नाही ती. दिवाळीचे सुतळी बॉम्ब फुटताना तू रवंथ करत असायचास. खरे डंपर रस्त्यावरून धडधडत जायचे, खिडक्या हलायच्या, तुझा कान हलायचा नाही. भित्रं जनावर असं असतं का? हे म्हणायचे, "मंग लढला काहून नाही?" मी म्हणायचे, "त्याले नव्हतं लढायचं. बस." ह्यांना ते पटत नसे. नाही लढायचं म्हणून नाही लढलं, एवढंच कारण असू शकतं, हे पुरुषांना लवकर पटत नाही असं मला वाटतं.

मग तो कुत्र्यांचा प्रकार झाला. बिसाहिनच्या शेळीचं करडू गल्लीत निघालं आणि तीन-चार कुत्री त्याच्यावर आली. आम्ही धावेपर्यंत तू पोचला होतास. तू शिंग उगारलं नाहीस. नुसता त्या करडावर जाऊन उभा राहिलास, ते तुझ्या चार पायांच्या मध्ये. कुत्री भोवती नाचत होती, भुंकत होती, एकानं तुझ्या मागच्या पायाला तोंडही लावलं. तू हललाच नाहीस. ना पुढे, ना मागे. हे काठी घेऊन गेले तेव्हा कुत्री पळाली. ह्यांनी तुझा पाय धुतला, रक्त पुसलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ह्यांनी तुला भित्रा म्हटलं नाही. मान्यही केलं नाही, पण म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. माझी आई गेली तेव्हा मी भंडाऱ्याहून सगळं आटोपून परत आले आणि मशीनसमोर बसले. पायडलवर पाय ठेवले आणि ते हलेचनात. घरात कुणी नव्हतं. तू आलास, तुझं ते मोठं कपाळ माझ्या गुडघ्याला लावलंस आणि तसाच उभा राहिलास. ढकललं नाहीस, नुसतं टेकवलंस. मी तुझ्या शिंगांना धरून रडले. किती वेळ ते माहीत नाही. लोकांनी तुझं ते कपाळ बघून काय काय ठरवलं होतं, आणि ते होतं कशासाठी! तुला तेव्हा थँक्यू म्हणायला हवं होतं. मी म्हणाले काय, तर "सरक आता, काम आहे."

पल्लवीला नवा रायपूरच्या एका ऑफिसात नोकरी लागली. तिच्या लग्नात नागपूरहून आलेली मंडळी तुझी शिंगं बघून फाटकाबाहेरच थांबली होती. नवऱ्या मुलाचे मामा म्हणाले, "बांधून ठेवा न त्याले, आमच्याकडं लहान पोट्टे हायेत." पल्लवी हिरव्या बांगड्या, लग्नाची पांढरी साडी अशी बाहेर आली, तुझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "मामाजी, ये मेरा भाई है. आप डरो मत, ये सिर्फ हार खाता है." आणि तू ते खरं करून दाखवलंस. नवरदेवाचा हार अर्धा राहिला. लग्नाच्या फोटोंत सगळ्यात जास्त फोटो तुझेच आहेत.

तुफान दोन वर्षांपूर्वी गेला. म्हातारा होऊन, तुझ्या शेजारी. त्यानंतर तू खाणं कमी केलंस तेव्हा संतरामच आधी म्हणाला, "इसको अकेला मत छोड़ना." ह्यांची तेव्हा नुकतीच रिटायरमेंट झाली होती. हे रोज सकाळी खुर्ची घेऊन तुझ्याजवळ बसायचे आणि तुला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. पुढाऱ्यांची भाषणं, बाजारभाव, हरवले-सापडले, सगळं. तुझं लक्ष बातमीकडे कमी आणि कागदाकडे जास्त. खेळाचं पान ह्यांना कधी पूर्ण मिळालं नाही.

गेल्या महिन्यात तुझे मागचे पाय गेले. डॉक्टर म्हणाला, वय झालं आहे. आम्ही तुला उन्हात नेऊन ठेवायचो आणि ऊन सरकलं की तुलाही सरकवायचो. त्या सकाळी तू थोडे चणे खाल्लेस, ह्यांच्या हातावर हनुवटी ठेवलीस आणि डोळे मिटलेस. मालिशीच्या वेळी मिटायचास तसेच. ह्यांनी हात थांबवला. तू डोळा उघडला नाहीस. हे तरी हात फिरवतच राहिले.

खड्डा संतरामच्या घरामागच्या बाडीत खणला, तुफानच्या शेजारी. दोघं म्हातारे, दोघांनाही दम लागलेला, पण कुदळ कुणाला देईनात. खणता खणता हे म्हणाले, "भित्रा नव्हता तो."

संतराम म्हणाला, "मैं तो पहिले दिन से जानता था."

"मंग त्या दिवशी हसला काहून तू?"

"हँसी आई तो हँसा! तू नहीं देखा ना, तू तो मुँह फेर के खड़ा था. एक बार पलट के देख लेता तो तू भी हँसता."

हे थांबले. कुदळीवर रेलले. आणि मग, डंपर, इतक्या वर्षांनी, तुझ्या खड्ड्यात गुडघाभर उभं राहून, हे त्या मैदानातल्या फेरीवर हसले. हसत हसत खाली बसले. संतराम तुझ्यासारखं मान पुढे काढून चालून दाखवत होता. बिसाहिन म्हणाली, "देखो तो, कोई देखेगा तो क्या बोलेगा." कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही. मला वाटलं, कुणाला निरोप द्यावा तर असा द्यावा.

आज सकाळी हे सवयीनं खुर्ची घेऊन बाहेर बसले. पेपर उघडला. पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि थांबले. मी खिडकीतून बघत होते. बाहेर जावं की नाही ते मला ठरवता येईना.

भिंतीच्या भगदाडातून संतराम आला. ह्यांच्या खुर्चीजवळ, कडुनिंबाच्या सावलीत, खाली मातीत मांडी घालून बसला. म्हणाला, "पढ़ ना. मैं सुनत हंव."

हे वाचायला लागले. बातमी होती, आपल्या बीरगांवातून नवा रायपूरला जास्त बस सोडणार म्हणून. संतराम म्हणाला, "झूठ." हे म्हणाले, "छापून आलं आहे!" संतराम म्हणाला, "छपा है इसीलिए झूठ है." हे म्हणाले, "तुले काय समजते?" तो म्हणाला, "तेरे से ज्यादा समझता है." दोघांचे आवाज चढले. हे पेपर नाचवत होते, संतराम जमिनीवर हात आपटत होता, आणि गल्लीतली एक बाई फाटकाशी थांबून मला खुणेनं विचारत होती, काय झालं?

काही नाही, मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले. आतूनही मला दोघं ऐकू येत होते. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा भांडण संपलं नव्हतं, नुसती बातमी बदलली होती. पहिल्यांदाच, डंपर, खेळाचं पान सगळं वाचून झालं.